‘गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान बंद होईल’ असा फोन आला आणि पैसे भरले, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीसगावला फर्निचरचं दुकान, वडिलांनी टाकलेलं, आता मुलगा बघतो. मागच्या आठवड्यात दुपारी दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाच फोन आला, हिंदीत, "गूगल ऑफिस से बोल रहे हैं, आपकी लिस्टिंग आज रात बारा बजे एक्सपायर हो रही है." ५,००० आणि वर जीएसटी असे ५,९०० भरा नाहीतर दुकान मॅपवरून निघून जाईल. या भाऊंनी २,००० टोकन म्हणून यूपीआयने टाकले, मोबाईलवर आलेला कोडही सांगून दिला, आणि आता उरलेल्या ३,९०० साठी रोज फोन येताहेत. विचारताहेत की हे खरं का, आणि खोटं असेल तर ऑनलाईन जाहिरात करावी तरी कोणाकडून.

भाऊ, खोटं आहे. उरलेला एक रुपयाही देऊ नका. गूगलवर दुकानाची जी नोंद असते, जिला आता बिझनेस प्रोफाईल म्हणतात आणि २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणायचे, ती फुकट असते, तिला वर्षाची फी नाही, रिन्यूअल नाही, एक्सपायरीची तारीख नाही. गूगलकडून कधी कधी ऑटोमॅटिक फोन येतो हे खरंय, दुकान किती वाजेपर्यंत चालू, सणाला उघडं का बंद, असं विचारायला, पण त्या फोनवर पैसे मागत नाहीत आणि कोड तर कधीच मागत नाहीत.

पुढचं वाचायच्या आधी १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाईन आहे. हाताशी काय ठेवायचं तर ज्या व्यवहाराने पैसे गेले त्याचा यूपीआयचा बारा आकडी नंबर, तारीख-वेळ, ज्याला पाठवले त्याचा आयडी आणि स्क्रीनवर दिसलेलं नाव. तक्रार केली की मिळालेला नंबर लिहून घ्या आणि तोच घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत जा. लोक म्हणतात दोन हजारासाठी कुठे डोकेफोड करायची. पण पैसे ज्या खात्यात गेले ते खातं तुमच्या एकट्याचं नसतं, त्यात पारोळ्याचे, शहाद्याचे, कुठकुठचे दोन-दोन हजार पडत असतात, आणि तक्रार पहिल्या एक-दोन तासात गेली तर खात्यातले पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. तुमच्या बाबतीत उशीर झालाय, तरी तक्रार कराच, कारण त्या खात्यावर तुमची नोंद पडणं पुढच्या माणसासाठी महत्त्वाचं आहे.

आता कोडचं. मला तुमच्या दोन हजारापेक्षा या कोडची काळजी जास्त आहे, आणि का ते सांगतो.

मी जळगावला बसतो, गेली चौदा वर्षं दुकानदारांच्या वेबसाईटी, प्रोफाईल, जाहिराती हेच काम. काही वर्षांपूर्वी अमळनेरकडचे एक मंडप-डेकोरेशनवाले माझ्याकडे आले. त्यांनाही असाच फोन आला होता पण ते हुशार निघाले, पैसे दिलेच नाहीत, फक्त "व्हेरिफिकेशनचा कोड सांगा" म्हटल्यावर तो सांगितला आणि फोन ठेवला. वाटलं वाचलो. पुढे लग्नसराई लागली आणि फोन येईनात. आधी म्हणाले यंदा कापसाला भाव नाही म्हणून लोक लग्नं साधी करताहेत, मग म्हणाले गावात नवीन मंडपवाला आलाय त्याने खाल्लं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शेवटी सुरतेहून त्यांच्या एका नातेवाईकाचा निरोप आला की मी गूगलवरून तुमचा नंबर काढून फोन केला तर कोणीतरी भलताच बोलला, भाव सांगायला लागला. मी माझ्या मोबाईलवर त्यांच्या दुकानाचं नाव टाकलं. नाव त्यांचं, फोटो त्यांचे, त्यांच्या मुलीच्या हळदीच्या मंडपाचा फोटोसुद्धा तसाच, दीडशेच्या वर रिव्ह्यू त्यांचे, आणि "कॉल करा" च्या मागे नंबर दुसऱ्याचा. त्यांना दाखवलं. माणूस दोन मिनिटं स्क्रीनकडेच बघत राहिला, मग अहिराणीत एवढंच म्हणाला, "मन्हं दुकान मन्हंच नाही राह्यनं का भाऊ?" प्रोफाईल परत मिळवायला आम्हाला सात आठवडे लागले. तोवर सीझन संपला होता. एक रुपया न देता त्यांचं जेवढं नुकसान झालं तेवढं पाच-दहा हजार देऊन फसलेल्यांचंही मी पाहिलेलं नाही.

म्हणून तुम्ही आज हे करा. ज्या जीमेलवर प्रोफाईल आहे त्याने लॉगिन करून गूगलमध्ये आपल्या दुकानाचं नाव सर्च करा, प्रोफाईल एडिट करायची बटणं दिसतील, तिथल्या तीन टिंबांमध्ये बिझनेस प्रोफाईल सेटिंग आणि त्यात पीपल अँड अॅक्सेस. तिथे कोण कोण ओनर, कोण मॅनेजर त्याची यादी येते. तुमच्याशिवाय अनोळखी ईमेल दिसला की लगेच काढून टाका. लगेच म्हणतोय कारण नव्याने घुसलेल्या ओनरला किंवा मॅनेजरला पहिले सात दिवस सगळे हक्क मिळत नाहीत, म्हणजे त्या मुदतीत तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, पण तुम्ही त्याला काढू शकता. तुमचा फोन मागच्या आठवड्यातला आहे, म्हणजे हातात दिवस असेल किंवा नसेलही. मग फोन नंबर, वेबसाईटची लिंक, दुकानाचा पत्ता, सगळं आपलंच आहे ना हे एकेक करून वाचा. आणि प्रोफाईल उघडलंच नाही, तुम्ही ओनरच दिसत नसाल, तर मॅपवर दुकान उघडून "या व्यवसायाचे मालक आहात का" अशी ओळ असते तिथून अॅक्सेस मागा. व्हिडिओ मागतील. घाबरू नका, सोपं आहे, रस्त्यावरून सुरू करायचं, शेजारची दुकानं दिसू द्यायची, मग आपली पाटी, मग कुलूप उघडून शटर वर करताना, मग आत गल्ला आणि बिलबुक, मध्ये कट न करता एका दमात. हे काम मालकच करू शकतो, कारण शटरची किल्ली त्याच्याच हातात असते, कोणाला पैसे देऊन करायची गरज नाही.

कोड कुठला होता तेही मेसेज उघडून बघा. प्रोफाईलचा कोड वेगळा, जीमेलच्या लॉगिनचा वेगळा, व्हॉट्सअॅपचा सहा आकडी वेगळा, आणि मेसेजमध्ये इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा कशाचा आहे आणि कोणाला सांगू नका. आपण आकडा वाचतो, वरची ओळ वाचत नाही. जीमेलचा असेल तर आत्ताच पासवर्ड बदला, कुठल्या कुठल्या फोनवर लॉगिन आहे ती यादी बघून अनोळखी फोन काढा, टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, ते चालू करा. व्हॉट्सअॅपचा असेल तर तिथलंही टू स्टेप पिन लावा. आणि त्या माणसाने एनीडेस्क वगैरे, म्हणजे आपला मोबाईल दुसऱ्याला लांबून बघू देणारं अॅप, टाकायला लावलं असेल किंवा व्हॉट्सअॅपवर एखादी एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अॅप, पाठवून उघडायला लावली असेल तर आधी मोबाईलचं नेट बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन, मग बाकीचं सगळं.

आपल्याकडची माणसं यात का फसतात याचा मी बराच विचार केलाय. खान्देशात धंदा शब्दावर चालतो. रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरायची तर भाव फोनवरच ठरतो, दोंडाईचा-नंदुरबारला मिरचीचं तेच, फोनवर दिलेला शब्द माणूस पाळतो कारण उद्या पुन्हा त्याच मार्केटमध्ये तोंड दाखवायचंय. ही आपली चांगली सवय आहे आणि हे लोक नेमकी तीच वापरतात. केळीचा घड बघून व्यापारी सांगतो की माल किती दिवस टिकेल, पण फोनवरच्या त्या "गूगलवाल्याला" परत कधी कुठे तोंड दाखवायचंय? त्याला कुठेच नाही. त्यामुळे माझा एकच नियम, आलेल्या फोनवर काहीही ठरवायचं नाही, ठेवून द्यायचा आणि स्वतः आपल्या अॅपमध्ये जाऊन बघायचं. खरोखर काही अडलेलं असेल तर ते तुमच्या प्रोफाईलमध्ये लिहिलेलं दिसेल.

त्यांच्या बोलण्यात थोडं खरंही मिसळलेलं असतं हे लक्षात घ्या. मध्यंतरी लोकांना फोन यायचे की गूगलची वेबसाईट बंद होतेय, पैसे भरून वाचवा. गूगल प्रोफाईलसोबत जी फुकटची छोटी वेबसाईट मिळायची ती मार्च २०२४ मध्ये गूगलने खरंच बंद केली. पण सगळ्यांचीच बंद केली, पैसे भरून कोणाचीही वाचणार नव्हती. धुळ्याच्या एका कूलरवाल्याने ती "वाचवायला" सात हजार दिले.

"पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी" हे दुसरं. मॅपवरची यादी तीन गोष्टींवर ठरते, माणूस जे शोधतोय त्याच्याशी तुमचं दुकान किती जुळतं, त्याच्यापासून किती लांब आहे, आणि दुकान किती नावाजलेलं आहे म्हणजे रिव्ह्यू वगैरे. आता जळगावात सोन्याचं दुकान असं मी गोलाणी मार्केटमध्ये उभं राहून शोधलं तर एक यादी येते आणि एमआयडीसीत उभं राहून शोधलं तर दुसरी. मग पहिला नंबर म्हणजे कुठे उभं राहिल्यावरचा पहिला? ते स्क्रीनशॉट पाठवतात ना, बघा शेठ तुम्ही एक नंबरला आलात, तो नीट बघा, वर सर्चच्या डब्यात तुमच्याच दुकानाचं पूर्ण नाव टाकलेलं असतं. स्वतःच्या नावाने शोधलं तर कोणीही पहिलाच येणार. गॅरंटी शब्द आला की तिथेच बोलणं थांबवा, स्वतः गूगल सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मग जाहिरात कोणाकडून करावी. सगळे चोर नाहीत, जळगाव-धुळ्याला मेहनतीने काम करणारी पोरं आहेत, आणि त्यांचंच या फोनवाल्यांमुळे नाव खराब होतं. मी कोणाची शिफारस करत नाही पण कोणीही असो, पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, खातं कोणाच्या नावावर असेल हे विचारा. प्रोफाईल, फेसबुक पेज, गूगल अॅड्सचं खातं, वेबसाईटचं नाव म्हणजे डोमेन, हे सगळं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर. एजन्सीला आपण मॅनेजर म्हणून आत घ्यायचं, ओनर आपण. प्रामाणिक माणूस याला लगेच हो म्हणतो कारण त्याला तसंच काम करायची सवय असते. "ते टेक्निकल असतं शेठ, आमच्याकडेच राहू द्या" असं म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

डोमेनचं सगळ्यात जास्त बघतो मी. भुसावळचे एक कापड दुकानवाले, वेबसाईट कोणाकडून तरी पंधरा हजारात करून घेतली, छान झाली, पाटीवर, पिशव्यांवर, बिलावर सगळीकडे तेच नाव छापलं. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला रिन्यूअलचे अठरा हजार. साधं डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेन वर्षाला याच्या कितीतरी कमी पैशात रिन्यू होतं. पण डोमेन त्याच्या नावावर, लॉगिन त्याच्याकडे. कायद्याने भांडता आलं असतं, पण दिवाळी तोंडावर होती आणि पिशव्या छापून आलेल्या होत्या, त्यांनी पैसे दिले. मला हे ऐकून आजही राग येतो, कारण त्या माणसाने वेबसाईट खरंच चांगली केली होती, त्याला चांगलं काम जमत होतं आणि तरी त्याने हे केलं.

जाहिरातीच्या पैशाचंही असंच वेगळं ठेवा. गूगल किंवा फेसबुकला जाणारे पैसे थेट तुमच्या कार्डातून किंवा यूपीआयमधून त्यांच्याकडे गेले पाहिजेत, बिल तुमच्या नावाने निघतं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुमचा जीएसटी नंबर टाकलेला असेल तर तो क्रेडिटमध्ये धरता येतो, तुमच्या सीएला विचारा. एजन्सीची मेहनताना फी वेगळी. दोन्ही एकत्र दिले की कळत नाही काय कुठे गेलं. एका पाईपवाल्यांचं खातं मी उघडून घेतलं तेव्हा दिसलं की महिन्याला १५,००० घेऊन त्यातले ४,००० च जाहिरातीला लागत होते, बाकीचे फी म्हणावी तर तसं कधी सांगितलेलंच नव्हतं. आणि त्या चार हजारातली जाहिरात सगळ्या भारताला दिसत होती, गिऱ्हाईक मात्र जामनेर-पाचोऱ्याचं पाहिजे होतं. फर्निचरला तुम्ही चाळीसगाव आणि आजूबाजूचे तीस-चाळीस किलोमीटर एवढंच धरा, त्यापुढचा माणूस सोफा न्यायला येत नाही. आणि सुरुवातीला सहा महिन्यांचं, वर्षाचं पॅकेज घेऊ नका, एक महिना बघा, दुकानात आलेल्या प्रत्येकाला विचारा कुठून कळलं, वहीत रेघ मारा. व्ह्यूज दहा लाख झाले म्हणून कोणी एक खुर्ची नेत नाही.

माणूस खरा का हे तपासायचं असेल तर जीएसटी नंबर मागा. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साईटवर टाकला की फर्मचं नाव आणि पत्ता निघतो. पण नंबर दुसऱ्याचाही देऊ शकतात, तुमचाही नंबर तिथे सगळ्यांना दिसतोच, त्यामुळे त्या नावाशी बँक खात्याचं नाव जुळतं का ते बघा. यूपीआयने पैसे टाकताना पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव येतं. त्या एका ओळीवर थांबायची सवय लावून घ्या. बोलतोय "गूगल" आणि नाव कुठल्यातरी माणसाचं किंवा मोबाईल शॉपीचं येतंय, मग कसलं ऑफिस? तुम्ही टाकलेल्या दोन हजाराचा व्यवहार उघडून नाव बघा, तसंच असणार.

व्हॉट्सअॅपवर एका क्लिकला दहा हजार लोकांना मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर विकतात, तीन-चार हजारात, त्याला हात लावू नका. आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, दसऱ्याच्या आधी हे विकणारे जोरात असतात. व्हॉट्सअॅपला अशी चोरून चालणारी सॉफ्टवेअर चालत नाहीत, नंबर बंद करतात, आणि बंद होतो तो तुमचा पंधरा वर्षांचा, पाटीवर रंगवलेला नंबर, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाका, ज्या गिऱ्हाईकांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना ब्रॉडकास्ट करा, चाळीसगावच्या दुकानाला तेवढं पुष्कळ होतं.

कधी एका रात्रीत दहा-बारा एक स्टारचे रिव्ह्यू पडतात आणि सकाळी मेसेज येतो की पैसे द्या, काढून टाकतो. देऊ नका, दिले की महिन्याभराने परत येतात. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, प्रत्येक रिव्ह्यू प्रोफाईलमधून रिपोर्ट करा, खाली शांतपणे लिहा की या नावाचं कोणतंही बिल आमच्याकडे नाही. आणि विकत घेतलेले पाच स्टारही नकोत, एकाच आठवड्यात चाळीस अनोळखी नावांनी "गुड सर्विस" लिहिलेलं गिऱ्हाईकालाही कळतं आणि गूगलही उडवतं. फेसबुकवर "तुमचं पेज २४ तासात बंद, इथे क्लिक करून अपील करा" येतं तेही याच जातीतलं, लिंक दाबली की पासवर्ड गेला. उद्यम नोंदणीला कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. आणि फौजी बोलतोय म्हणून पन्नास खुर्च्यांची ऑर्डर, पैसे पाठवायला क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणाला तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना नाही.

आणखी एक, ते अमळनेरचे मंडपवाले आता काय करतात ते सांगतो, मला ते फार आवडलं. दिवाळीला वहीपूजन झालं की नव्या वहीच्या पहिल्या पानावर, हळदकुंकवाच्या खाली, मुलगी सगळं लिहून ठेवते. प्रोफाईल कुठल्या ईमेलवर, ओनर कोण, मॅनेजर कोण, फेसबुक पेज कोणाच्या नावावर, डोमेन कुठून घेतलं आणि रिन्यूअलची तारीख कोणती, कोड कोणत्या मोबाईलवर येतो. पासवर्ड नाही लिहायचा, बाकी सगळं. दुकानात कोणीही असलं आणि असा फोन आला तरी वही उघडून बघता येतं की रिन्यूअल कशाचं आहे आणि कशाचं नाहीच.

तुम्ही ते पान आजच लिहायला घ्या, पण १९३० आधी, मग प्रोफाईलची यादी. पीपल अँड अॅक्सेसमध्ये तुमच्याशिवाय दुसरं नाव दिसलं आणि निघत नसेल तर त्या स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवा, ईमेल आणि तारीख दिसेल असा, पुढचं अपील कसं भरायचं ते मी बघून सांगतो. आणि आज परत ३,९०० साठी फोन आला तर वाद घालू नका, तक्रार केलीय हेही सांगू नका, नंबर लिहून घ्या आणि ब्लॉक करा, तो नंबरही तक्रारीत टाकायचाय.